सातवीतला 'बी'

शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळाव्यवस्थेत अकरा माध्यमिक शाळा 'निवडक' म्हणून ओळखल्या जातात. त्यांना शुल्क नाही, त्या कोणा खासगी संस्थेच्या नाहीत. शहरातील इतर शाळांप्रमाणेच त्या करदात्यांच्या पैशावर चालतात. नववीत प्रवेश हवा असेल तर मात्र गुणवत्तायादीत यावे लागते. कोविडनंतरच्या प्रवेशफेऱ्यांत ही यादी ९०० गुणांवर लागू लागली. त्यांतले ४५० गुण प्रवेशपरीक्षेचे आणि उरलेले ४५० सातवीच्या वार्षिक श्रेणींचे. वाचन, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे असे चार विषय. 'ए' मिळाल्यास विषयाचे पूर्ण ११२.५ गुण, 'बी' मिळाल्यास ७५. वस्तीच्या सामाजिक-आर्थिक स्थितीनुसार शहराचे चार स्तर पाडून बहुतेक जागा त्या स्तरांत वाटल्या जात असल्या, तरी सुस्थित वस्तीतल्या मुलाला वॉल्टर पेटनसारख्या शाळेसाठी एकही 'बी' परवडत नसे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकातील एका अक्षराची किंमत साडेसदतीस गुण!

या अक्षराविषयीच आम्हांला बोलायचे आहे. आम्ही मराठीचे अध्यापक. आयुष्याचा बराच काळ दुसऱ्यांच्या लेखनावर तांबड्या शाईने अभिप्राय देण्यात गेलेला. 'बी' ही श्रेणी आमच्या मते शिक्षकाच्या शब्दसंग्रहातला सर्वांत उपयुक्त शब्द आहे. 'ए' मध्ये कौतुक असते, 'डी' मध्ये इशारा असतो. 'बी' मात्र संभाषण सुरू करतो. कवितेचा आशय तुला कळला आहे, पण पहिल्या अर्थापाशी तू थांबतोस. निबंध नेटका आहे, पण त्यात तू कुठे दिसत नाहीस, असे काहीतरी त्या अक्षरातून सुचवायचे असते. ऐकणारा आणि सांगणारा एकाच वर्गात बसलेले असतात, वर्ष अजून संपलेले नसते, म्हणून ते बोलणे शक्य होते. त्याच अक्षराला साडेसदतीस गुणांची किंमत चिकटली की शिक्षकाचा हात अडखळतो. मुलाने काय लिहिले आहे यापेक्षा या मुलाचे पुढे काय होईल, हा विचार आधी येतो. यात भ्रष्टाचार नाही. बहुतेक वेळा ही निखळ माया असते. पण त्या मायेपायी खरे बोलणे थांबते.

श्रेणींची बाजू कच्ची आहे असे मात्र कोणी समजू नये. न्यूयॉर्ककडे पाहावे. तिथे १९७१ च्या हेक्ट-कॅलँड्रा कायद्याने स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या शाळांचे प्रवेश केवळ एका परीक्षेवर बांधून ठेवले. तीन वर्षांच्या माध्यमिक शिक्षणात मुलाने काय केले, याला शून्य किंमत. २०१९ साली स्टायव्हसंटने देऊ केलेल्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला सात आल्या. महापौर बिल डी ब्लासियो यांनी त्याच्या आदल्या वर्षीच, २०१८ मध्ये, ही परीक्षा मोडीत काढून प्रत्येक माध्यमिक शाळेतील वरच्या सात टक्के मुलांना प्रवेश द्यावा, असा प्रस्ताव मांडला होता. त्याला कडवा विरोध झाला तो प्रामुख्याने आशियाई पालकांकडून. यांतले अनेकजण बेताच्या मिळकतीचे स्थलांतरित. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मुलांना शिकवणीला घातलेले. ज्या परीक्षेत आडनाव, उच्चार, शिक्षकाची मर्जी यांपैकी काहीच आड येत नाही, तीच त्यांना न्याय्य वाटत होती. प्रस्ताव राज्याच्या विधिमंडळात अडला तो अडलाच.

या पालकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. अनोळखी परीक्षक निष्ठुर असतो, पण तो कोणाचा मामा नसतो. आणि तरीही एका दिवसाच्या तीन तासांपेक्षा वर्षभराची साक्ष अधिक भरवशाची, हेही खरे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर गायझर आणि सांतेलिसेस यांनी २००७ साली केलेल्या अभ्यासात महाविद्यालयातील यशाचा अंदाज प्रवेशचाचणीपेक्षा शाळेतील श्रेणींवरून अधिक चांगला बांधता येतो, असे आढळले होते. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की श्रेणी ही स्थानिक बोली आहे. ती त्या वर्गात, त्या शिक्षकाच्या तोंडी अर्थपूर्ण असते. सबंध शहराच्या यादीत तिला प्रमाणभाषेचे काम करायला लावले की ती चुकते. शिकागोतील निवडक शाळांचा बॅरो, सार्टेन आणि डी ला टोरे यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. या शाळांत प्रवेश मिळाल्याने मुलांच्या चाचणीतील गुणांत म्हणण्यासारखी भर पडली नाही. उलट गरीब वस्त्यांतून आलेल्या मुलांच्या श्रेणी मात्र त्या तिथे न जाता जेवढ्या राहिल्या असत्या त्याहून खाली आल्या. मूल तेच, शेजारी बसणारे बदलले. दोन शाळांतल्या दोन 'ए' ची बेरीज-वजाबाकी करून दशांशापर्यंत क्रम लावणारी यादी कितपत गंभीरपणे घ्यायची, हे यावरून ठरवावे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेल हायस्कूलने तर दोन्ही टोके पाहिली. १८५६ साली स्थापन झालेल्या या शाळेत सातवी-आठवीच्या श्रेणी आणि चाचणी यांवर प्रवेश होत असे. २०२० च्या वसंतात टाळेबंदी आली, श्रेणींची जागा उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशा शेऱ्यांनी घेतली, चाचणीही झाली नाही. यादी कशाची लावणार? शाळामंडळाने सोडत काढली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती कायम करण्याचा निर्णय घेतला. पुढचे महाभारत अनेकांना आठवत असेल: निर्णयाची पद्धत न्यायालयात टिकली नाही, फेब्रुवारी २०२२ मध्ये मंडळाच्या तीन सदस्यांना मतदारांनी परत बोलावले (कारणे अनेक होती, त्यांत लोवेल एक), आणि २०२३ च्या प्रवेशांपासून जुनी पद्धत परत आली. सोडतीने आलेल्या पहिल्या तुकडीत 'डी' किंवा 'एफ' मिळवणाऱ्यांचे प्रमाण आधीच्या जवळजवळ तिप्पट झाले, म्हणून सोडतीच्या विरोधकांनी ढोल वाजवले. ती मुले आधीचे वर्षभर घरात पडद्यासमोर बसून शिकली होती, हे सांगायला फारसे कोणी थांबले नाही.

त्याच २०२१ मध्ये आपल्याकडेही परीक्षा नाहीशी झाली होती. राज्य मंडळाने दहावीचा निकाल नववीच्या निकालाला पन्नास आणि दहावीच्या शाळांतर्गत मूल्यमापनाला पन्नास गुण देऊन लावला; तो लागला ९९.९५ टक्के. आपल्याच शाळांच्या शब्दावर शासनाचा भरवसा नव्हता, म्हणून अकरावीसाठी स्वतंत्र प्रवेशपरीक्षा जाहीर झाली. ती १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. मराठीच्या अध्यापकांनी त्याआधीचा प्रसंगही आठवावा. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातचे वीस गुण काढून घेतले, तेव्हा २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० वर आला. इतर मंडळांची मुले अकरावीत पुढे जातील, अशी ओरड झाली. गुण परत दिले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. ते वीस गुण तोंडी परीक्षेचे होते, मुलाने मराठीत उभे राहून चार वाक्ये स्वतःची बोलावीत यासाठी होते, याची आठवण या सगळ्या वादात कोणालाच झाली नाही. भाषेचे अंतर्गत गुण म्हणजे प्रवेशासाठीचा पूरक आहार, ही समजूत सर्वांनी, आमच्या व्यवसायबंधूंनीही, निमूट मान्य केली. वीसपैकी अठरा हा आज नापसंतीचा शेरा मानला जातो.

आमचे म्हणणे असे. श्रेणीचा उपयोग फक्त पात्रता ठरवण्यासाठी करावा. चारही विषयांत 'बी' किंवा त्याहून वर असलेला प्रत्येक विद्यार्थी निवडक शाळेत शिकण्यास पात्र, एवढेच शिक्षकाच्या अक्षराने सांगावे. त्यापुढे जागांहून मुले अधिक असतील तर पात्र मुलांत सोडत काढावी. लोवेलच्या सोडतीत पात्रतेची अशी अटच नव्हती, म्हणून तिच्यावरून या मार्गाचा निवाडा करता येणार नाही. मुलांचे भवितव्य चिठ्ठीवर सोपवता काय, असे पालक विचारतील. आजही ८९८ आणि ८९६ यांच्यात निवड होते ती चिठ्ठीनेच. फक्त त्या चिठ्ठीला गुणवत्ता म्हणतात आणि बाहेर राहिलेल्या मुलाला ती आपलीच उणीव वाटते. सोडतीत नाव न आलेल्या मुलीला निदान आपण कमी पडलो असे वाटण्याचे कारण उरणार नाही.

यातली एक अडचण आम्ही लपवत नाही. पात्रतेची रेषा 'बी' वर आखली की शिक्षकाचा हात 'बी' आणि 'सी' च्या मध्ये अडखळू लागेल. तिथेही माया आड येईल, दडपण येईल. पण त्या रेषेपाशी वर्गातली थोडीच मुले असतील. तिच्यावरच्या मुलांशी शिक्षकाला पुन्हा मोकळेपणी बोलता येईल, आणि सातवीतल्या एखाद्या हुशार मुलाच्या निबंधाखाली 'बी' लिहून त्याला तो पुन्हा लिहायला सांगता येईल.