सगळं एकाच वाटेनं कशाला?

संस्थेनं वर्गणी भरून घेतलेली संशोधन-नियतकालिकं घरून वाचायची म्हणून अनेक विद्यार्थी ब्राउझरमध्ये संस्थेचा प्रॉक्सी सर्व्हर घालतात आणि तो तसाच ठेवतात. मग बँक, डॉक्टरांची वेळ, नोकरीचे अर्ज, सगळंच त्या सर्व्हरवरून जातं. मजकूर कूटबद्ध असला, तरी कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे तिथल्या नोंदीत उमटतंच. हे टाळणं मुळीच अवघड नाही. नेटस्केप या ब्राउझर-कंपनीनं १९९६ साली आणलेली ‘पॅक’ (प्रॉक्सी ऑटो-कॉन्फिग) फाइल आजही सगळे प्रमुख ब्राउझर वाचतात. ती म्हणजे जावास्क्रिप्टमधलं एक छोटं फंक्शन. प्रत्येक पत्ता उघडण्यापूर्वी ब्राउझर त्याला विचारतो आणि ते उत्तर देतं: ‘प्रॉक्सी’ किंवा ‘डायरेक्ट’. नियतकालिकांची चार-पाच डोमेनं प्रॉक्सीकडे, बाकी सगळं थेट. पाच-सात ओळींत काम होतं. उत्तरात प्रॉक्सीपुढे अर्धविराम देऊन ‘डायरेक्ट’ लिहिलं, तर सर्व्हर बंद पडल्यावर ब्राउझर आपणहून थेट जातो. इथे मात्र जपा. प्रॉक्सी गुप्ततेसाठी वापरत असाल, तर हीच सोय तुम्हाला नकळत उघडं पाडेल. कोड नको असेल, तर फायरफॉक्समध्ये ‘फॉक्सीप्रॉक्सी’ हे एक्स्टेन्शन घ्या. त्यात नियम नुसते भरायचे असतात. आणि दुसऱ्या कुणी दिलेली पॅक फाइल असेल, तर ती आधी नोटपॅडमध्ये उघडून ओळ न् ओळ वाचा, मगच वापरा.