तीन लिप्या, एकच मूल

उर्दू माध्यमाच्या शाळांचा विषय निघाला की बोलणे बहुधा निकालाच्या टक्क्यांवर आणि रिक्त पदांवर येऊन थांबते. रिक्त पदांचा प्रश्न खरा आहे. बिंदुनामावलीतल्या राखीव जागांना उर्दू माध्यमातून शिकलेले उमेदवार पुरेसे मिळत नाहीत, जागा अडून राहतात आणि एकेका शिक्षकावर दोन-दोन वर्ग येतात. यावर तोडगा शासनानेच काढायचा आहे आणि तो आपण मागतच राहिले पाहिजे. पण आज वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकांच्या हातातही बरेच काही आहे. उर्दू, मराठी आणि इंग्रजीचे शिक्षक आपापल्या तासाला येऊन जातात. तिन्ही तासांना समोर तेच मूल बसलेले असते, याचा विचार मात्र एकत्र बसून होत नाही.

मुळात या मुलाच्या घरी पुस्तकातली उर्दू बोलली जाते, हेच गृहीत चुकीचे आहे. मराठवाड्यात, सोलापूरकडे घरात दखनी असते. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांमध्ये पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या पिढ्यांच्या बोली अजून कानावर पडतात. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांची बोली तर मराठीच्या अगदी शेजारची. म्हणजे प्रमाण उर्दूही शाळेतच शिकायची. तिची लिपी शिकाऊ वाचकाची परीक्षा पाहणारी आहे: अक्षराचे रूप शब्दातल्या जागेप्रमाणे बदलते, ज़ेर-ज़बर-पेश ही स्वरचिन्हे सहसा छापलेली नसतात आणि 'ज़' या एका उच्चारासाठी ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोए अशी चार अक्षरे आहेत. शब्द ओळखीचा असेल तरच तो धडपणे वाचता येतो. म्हणून दुसरी-तिसरीत अडखळणाऱ्या मुलाला 'कच्चा' ठरवण्याआधी त्याला शब्द किती ऐकायला मिळाले, हे पाहायला हवे. गोष्टी सांगणे, बोलते करणे हे इथे वाचनाचेच काम आहे.

मराठीच्या तासाची अडचण वेगळी. 2020 च्या कायद्याने मराठी सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीची झाली. 'सुलभभारती' हे मराठीचे पाठ्यपुस्तक इतर माध्यमांच्या मुलांसाठीच तयार केलेले आहे. तरीही अनेक वर्गांत धडा वाचायचा, उर्दूत अर्थ सांगायचा आणि उत्तरे फळ्यावरून उतरवून घ्यायची, एवढेच चालते. मूल 'झाड मोठा आहे' म्हणते, कारण उर्दूत नपुंसकलिंग नाही. 'बाळ'चे 'बाल' होते, कारण ळ त्याच्या कानाला नवा आहे. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. आधी ऐकणे, मग बोलणे आणि त्यानंतर लिहिणे, हा क्रम पाळला तर त्या पुष्कळ कमी होतील. लाल शाईने होणार नाहीत.

आणि या मुलाजवळ मराठीची केवढी शिदोरी आधीच असते! अर्ज, तारीख, हिशेब, वकील, जमीन, खर्च, कागद हे शब्द दोन्हीकडचे आहेत. 'जग', 'जसा' यांतला ज त्याच्या ज़च्या जवळचा. माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश 1925 चा. श्रीपाद जोशी आणि एन. एस. गोरेकर यांचा उर्दू-मराठी शब्दकोशही आहे. हे दोन्ही कोश प्रत्येक उर्दू शाळेत हाताशी असावेत, असे आम्हाला मनापासून वाटते.

सगळ्यात मोठी पडझड होते ती अकरावीत. मुसल्लस, ज़ाविया, मसावात असे म्हणत गणित शिकलेली मुलगी विज्ञान शाखेत जाते आणि तिथे सगळे इंग्रजीत सुरू होते. त्रिकोण तिला कळतो, कोन कळतो, समीकरण सोडवता येते. समोरून येणारे नाव तेवढे ओळखीचे नसते. पहिल्या चाचणीत मात्र तिला विषयच येत नाही असा अर्थ काढला जातो, आणि हुशार मुली तिथून शाखा बदलून निघून जातात. हे टाळता येण्यासारखे आहे. आठवीपासून प्रत्येक संज्ञा फळ्यावर उर्दू आणि इंग्रजी अशी जोडीने लिहावी, प्रयोगवहीतल्या आकृतीला दोन्ही नावे द्यायला लावावीत. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेगळा तासही लागत नाही.

लागते ती महिन्यातून एक बैठक. उर्दू, मराठी, इंग्रजी, गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी येत्या महिन्याचे पाठ समोर ठेवून सामायिक शब्दांची यादी करावी. उर्दूत सांगितलेली गोष्ट त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला पुन्हा सांगावी. ज्या शाळांनी अशा याद्या केल्या असतील, त्यांनी त्या इयत्ता आणि विषय नोंदवून आमच्याकडे पाठवाव्यात. पुढच्या अंकांतून आम्ही त्या छापू.