तारीख बघून झाडू मारणं बंद करा

परवा पुन्हा तोच मेल. 'स्टोरेज भरत आले आहे. ६० दिवसांत न वापरलेल्या फाइली रविवारी काढून टाकण्यात येतील.' संस्थेचं नाव घेत नाही, पण क्लस्टरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा मेल पाठ आहे. सोमवारी एका पीएचडीच्या मुलीचा जॉब सुरू होताच मेला. तिचं पायथनचं एन्व्हायर्नमेंट अर्धं गायब. अर्धं! सगळंच गेलं असतं तर निदान लगेच कळलं तरी असतं.

मेलमध्ये म्हणतात 'न वापरलेल्या', पण स्क्रिप्ट बघते फाइल बदलल्याची तारीख. आणि कोंडाने बसवलेल्या फाइलींवर बऱ्याचदा तुम्ही बसवल्याची तारीख नसतेच, पॅकेज बांधणाऱ्याने ज्या दिवशी बांधलं त्या दिवसाची असते. म्हणजे काल बसवलेली फाइल झाडूला दोन वर्षं जुनी दिसते. निक्स आणि गीक्समध्ये तर स्टोअरमधल्या सगळ्या फाइलींवर १ जानेवारी १९७० हीच तारीख! (हे मुद्दाम केलेलं आहे, कुठेही बांधलं तरी पॅकेज हुबेहूब एकच यावं म्हणून.) तिथे हा झाडू फिरवला तर काय होईल, विचार करा.

आणि 'स्क्रिप्ट चुकत नाही' असं सांगणाऱ्यांनी क्योटो विद्यापीठ आठवावं. डिसेंबर २०२१. बॅकअपची स्क्रिप्ट, काम काय तर १० दिवसांपेक्षा जुने लॉग काढणं. ती चालू असतानाच कुणीतरी तिची नवी आवृत्ती वरून टाकली. परिणाम, सुमारे ७७ टीबी आणि ३.४ कोटी फाइली साफ. १४ संशोधन गटांना फटका, त्यातल्या ४ गटांचा डेटा परत मिळण्यासारखा नव्हता.

मग साफ करायचंच नाही का? करायचं. आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. एकच टेन्सरफ्लो चाळीस जणांच्या होममध्ये चाळीस वेळा, वर प्रत्येकाचं 'टेस्ट२', 'टेस्ट२_फायनल'.

पण कचरा कशाला म्हणायचं हे आधी ठरवा. निक्स-गीक्सचं उत्तर सरळ आहे: ज्याला कुणीही धरून नाही तो कचरा. प्रत्येकाचं प्रोफाइल हे एक मूळ. मुळापासून पोचता येतं ते ठेवायचं, बाकीचं काढायचं. वय विचारायचंच नाही. समान पॅकेज सगळ्यांना मिळून एकदाच.

तिथेही मेख आहेच. सफाई करणारा डीमन हेड नोडवर बसतो. चालू प्रोग्राम काय वापरताहेत ते तो बघतो, पण स्वतःच्या मशीनवरचेच. शंभर कम्प्यूट नोडवर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. तुम्ही जॉब लावून जुनं प्रोफाइल उडवलंत आणि मध्येच सफाई झाली, तर जॉबच्या पायाखालची सतरंजी गेली. म्हणून जॉब संपेपर्यंत टिकणारं मूळ जॉब स्क्रिप्टमध्येच नोंदवायचं, आणि जुन्या जनरेशन काढताना रांगेतल्या सर्वांत लांब जॉबच्या मुदतीपेक्षा जास्त दिवस सोडायचे. एवढं ॲडमिननी एकदा बसून लिहून काढलं तर काय बिघडतं?

खरी अडगळ वेगळीच आहे. मुलं डिग्री घेऊन जर्मनीला गेली, त्यांची प्रोफाइलं इथे मुळं धरून बसलीत. कोणताही कलेक्टर त्यांना हात लावणार नाही, कारण त्याच्या हिशेबी ती जिवंत आहेत. ती माणसानेच सोडवायची, खातं बंद करण्याच्या दिवशी. ते राहतं बाजूला आणि शिक्षा होते चालू जॉबवाल्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

हा काही चार संगणकवाल्यांचा घरगुती वाद नाही. २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशनला ४,५०० कोटी मंजूर झाले. २०२४ मध्ये तीन परम रुद्र आले, सुमारे १३० कोटींचे, त्यातला एक आपल्या जीएमआरटीला. मशीन आलं की फीत कापायला सगळे असतात, डिस्क आवरायला स्वतंत्र माणूस नेमायला मात्र पद नसतं.

तेव्हा पुढच्या 'रविवारी काढून टाकण्यात येतील' आधी संस्थेने एकच आकडा नोटीस बोर्डावर लावावा: सोडून गेलेल्यांच्या खात्यांत किती टीबी अडकलेत? तुमच्याकडे कुणी विचारून पाहिलंय का? उत्तर मिळालं असेल तर खाली लिहा.