बोलेरोच्या पुढचा लोखंडी गार्ड नेमका कुणाला वाचवतो?

नांदेड-लातूर रस्त्यावर तासभर उभे राहिलात तर समोरून येणाऱ्या बोलेरो, स्कॉर्पिओ आणि थारच्या तोंडावर जाड पाइपचा गार्ड दिसेलच. कुणी शोरूमबाहेरच्या दुकानातून लावून घेतलेला, कुणी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून मापं देऊन बनवलेला. आरटीओने तो कापायला लावला की व्हिडिओ व्हायरल होतो आणि खाली कमेंट ठरलेली असते : "आमच्या पैशाचा गार्ड, आमची गाडी, सरकारला काय त्रास?"

प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर नीट समजून घेऊ.

लोक गार्ड लावतात का?

फक्त रुबाबासाठी नाही. रात्री अहमदपूर किंवा किनवटकडे गाडी चालवणाऱ्यांना विचारा. अचानक रोही आडवा येतो, रानडुकरांचा कळप रस्ता ओलांडतो, म्हशी मधोमध बसलेल्या असतात. उसाच्या सीझनमध्ये मागे लाइट किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या असतात. साधा धक्का बसला तरी बंपर, हेडलाइट आणि रेडिएटरचा खर्च हजारोंत जातो. त्यामानाने गार्ड स्वस्त वाटतो.

आणि छोट्या धक्क्यात तो बंपर वाचवतोही. अडचण मोठ्या धडकेत येते.

मोठ्या धडकेत काय होतं?

आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपला जाईल असा बनवलेला असतो. पुढचं लोखंड चुरगळताना धडकेचा जोर त्यात खर्च होतो, म्हणून आतल्या माणसांपर्यंत कमी पोहोचतो. गाडी चेपली म्हणजे ती कच्ची, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती तिचं काम करत असते.

घरगुती गार्ड बहुतेक वेळा थेट चेसिसच्या टोकांना बोल्ट किंवा वेल्ड करतात. मग चेपायचा भाग बाजूला राहतो आणि जोर सरळ चेसिसवर जातो. गाडी झटक्यात थांबते, तो झटका सीटवरच्या माणसाला बसतो.

दुसरा धोका एअरबॅगचा. गाडीचा वेग किती झपाट्याने कमी झाला, हे सेन्सर मोजतो आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. कंपनीने हे गणित गार्ड नसलेल्या गाडीवर चाचण्या करून बसवलेलं असतं. गार्डमुळे ते बिघडलं तर एअरबॅग उशिरा उघडू शकते, किंवा नको तेव्हा उघडू शकते. सगळा खेळ सेकंदाच्या छोट्याशा भागाचा असतो.

तिसरा धोका रस्त्यावरच्या माणसाला. बॉनेटचा पत्रा थोडा तरी दबतो, पाइप दबत नाही. गार्डचा वरचा पाइप लहान मुलाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर येतो.

"माझी गाडी जुनी आहे, एअरबॅगच नाही"

मग सेन्सरचा प्रश्न उरत नाही. पण झटका तुम्हालाच बसणार आणि पायी चालणाऱ्याचा धोका तेवढाच राहणार. शिवाय वजन वाढतं. ५० मिलिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो. दहा मीटर पाइप लागला तर ३५ किलो, तेही पुढच्या चाकांच्याही पुढे लटकलेलं.

कायदा काय म्हणतो?

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवलं. क्रॅश गार्ड किंवा बुल बार बसवणं हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन आहे, त्यावर कारवाई करा, असं त्यात होतं. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरतील असे बदल मालकाने गाडीत करू नयेत, असा या कलमाचा अर्थ. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नव्या रूपात आलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता लोकांच्या रागाचं खरं कारण बघा. गार्ड दुकानात उघड टांगलेले असतात आणि पावती फाटते ती गाडीमालकाची. विकणारा आणि बसवणारा मोकळाच राहिला तर एक गार्ड कापला जाईल आणि संध्याकाळपर्यंत दोन नवे बसतील.

ऑस्ट्रेलियात चालतं, मग इथे का नाही?

तिथे कांगारू धडकतात म्हणून गार्ड सर्रास दिसतात. पण २००२ पासून त्यासाठी प्रमाणक आहे : गार्डचा आकार गाडीच्या तोंडाला जुळता हवा, धारदार कडा नकोत. एअरबॅगच्या गाडीला एअरबॅगशी जुळणारा गार्ड लागतो. युरोपीय संघानेही २००५ मध्ये अशा गार्डसाठी चाचण्यांचे नियम केले. आपल्या वेल्डिंगवाल्याच्या हाताला कौशल्य आहे, पण त्याच्या गार्डची धडक-चाचणी कुणीच केलेली नसते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून जीप बनवली, ती २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी त्यांचं मनापासून कौतुक केलं. पण ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही, हेही तेव्हाच सांगितलं आणि बदल्यात बोलेरो दिली. कौशल्याला दाद आणि रस्त्यावर चालवायची परवानगी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग खराब रस्त्यासाठी काय करायचं?

- शेतरस्त्यावर आणि दगडधोंड्यात मार बसतो तो बहुधा गाडीच्या पोटाला. इंजिनखालची प्लेट आधी तपासा. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीची ॲक्सेसरी मिळत असेल तर तीच घ्या.
- चेसिसवर वेल्डिंग करून घेऊ नका. वेल्डच्या आजूबाजूचं लोखंड कमकुवत होऊ शकतं.
- काहीही बसवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना विचारा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी वादाचं कारण होऊ शकतो.
- रात्री वेग कमी ठेवा. कोरड्या रस्त्यावर ताशी ८० च्या वेगात ब्रेक मारायचं सुचून गाडी थांबेपर्यंत साधारण ५७ मीटर जातात, ६० च्या वेगात ३७.

म्हणजे २० चा वेग कमी केला की २० मीटर हातात येतात. रोही समोर उभा असताना गार्डपेक्षा हे २० मीटर जास्त कामाचे आहेत.