घर दोघांचं, तर कागदही दोघांचा



निकाहनंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत आपल्या ठाणे-कल्याण भागातल्या जोडप्यांच्या डोक्यात एकच विषय फिरत असतो, स्वतःचं घर. अकरा महिन्यांचा भाडेकरार, दर वेळी नवं डिपॉझिट, सामानाचा टेम्पो, मुलांची शाळा बदलणं, या सगळ्याला माणूस कंटाळतो. १९९२-९३च्या दंगलींनंतर अनेक कुटुंबं मुंबई सोडून मुंब्रा-कौशात आली. त्यांची मुलं आज घरं घेत आहेत. छप्पर हातचं जाणं काय असतं हे या घरांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तरीही घर घेताना एक प्रश्न आपण टाळतो. उद्या दोघांपैकी एक गेलं, तर उरलेल्याचं या घरात काय? हा विषय काढला की घरातली मोठी माणसं म्हणतात, "मनहूस बोलू नका." पण कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, देणं-घेणं लिहून ठेवण्याबद्दल आणि त्याला साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखं काही आहे, त्याने ती लिहून जवळ ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. लिहून ठेवणं म्हणजे एकमेकांवर अविश्वास नव्हे.

आम्ही शिकवतो त्या शाळेत दरवर्षी एखादी तरी आई वर्षाच्या मध्येच मुलाचा दाखला मागायला येते. त्यातल्या एकीचा नवरा पस्तिशीच्या आत गेला होता. इद्दत संपली आणि ती मुलीला घेऊन माहेरी, रायगड जिल्ह्यात निघाली होती. फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी तिने माहेरचे दागिने मोडले होते. बँकेच्या कर्जात ती सहकर्जदार होती. पण विक्रीच्या करारावर नाव एकट्या नवऱ्याचं होतं. दागिन्यांचे पैसे हिस्सा म्हणून दिले, उसने दिले की भेट दिले, याची एक ओळही कुठे नव्हती. सासरची माणसं वाईट नव्हती. सासूबाईंनाही हिस्सा होता, दिरालाही होता, आणि घर विकल्याशिवाय वाटणी होत नव्हती.

हिशेब करून पाहू. मयताचे वडील आधीच वारलेले, मागे बायको, एक मुलगी, आई आणि एक सख्खा भाऊ. घर ४८ लाखांचं, एकट्या नवऱ्याच्या नावावर आणि कर्ज फिटलेलं. शरीअतप्रमाणे बायकोला आठवा हिस्सा म्हणजे ६ लाख, मुलीला निम्मा म्हणजे २४ लाख, आईला सहावा म्हणजे ८ लाख आणि उरलेले १० लाख भावाला. आता हेच घर दोघांनी मिळून घेतलेलं आहे आणि निम्मं-निम्मं असं करारात लिहिलेलं आहे असं धरा. मग बायकोचे २४ लाख वारशात येतच नाहीत, ते तिचेच. नवऱ्याच्या निम्म्यातून तिला आणखी ३ लाख मिळतात. ६ लाख आणि २७ लाख, एवढा फरक एका कागदाचा आहे. वारशाचा नियम दोन्हीकडे तोच आहे. वाटणीला काय येतं, तेवढंच बदललं.

वाटणीच्या आधी कफन-दफनाचा खर्च आणि मयताचं कर्ज फेडायचं असतं. न दिलेला मेहेर हेही कर्जच. म्हणून मेहेर बाकी असेल तर तो जिवंतपणी द्यावा, नाहीतर किती बाकी आहे ते लिहावं. वसीयत एकतृतीयांशापर्यंतच करता येते, आणि आपल्या सुन्नी फिकहप्रमाणे वारसाच्या नावे केलेली वसीयत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. त्यामुळे "वसीयतीत बायकोला घर देऊन टाकतो" असं म्हणून भागत नाही. द्यायचं ते हयातीत, नीट कागद करून द्यावं.

सोसायटीच्या नॉमिनेशन फॉर्मवर बायकोचं नाव आहे म्हणून पुष्कळ जण निश्चिंत असतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेता येतं. फॉर्म जरूर भरावा, पण तो वारशाचा कागद समजू नये.

उलट बाजूही आहे. १ एप्रिल २०२१पासून महाराष्ट्रात फक्त महिलेच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवरा-बायको दोघांची नावं असतील तर ती मिळत नाही. एवढ्यासाठी बायकोचं एकटीचं नाव घालणारेही आहेत. तिचा इंतकाल आधी झाला आणि मूल असेल, तर नवऱ्याला चौथा हिस्सा मिळतो आणि तिचे आई-वडीलही वारस असतात. पैसे कुणी किती घातले आणि भेट म्हणून काय दिलं, हे इथेही लिहायलाच हवं.

अर्थात कागद खऱ्या इमारतीचा असला पाहिजे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसं गेली. डोंबिवली परिसरात खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये दिला. म्हणजे नुसता महारेराचा नंबर पाहून थांबू नये. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन खात्री करावी. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावं.

आता ज्या घरात गमी झाली आहे, त्या घराविषयी. फुरैआ बिन्ते मालिक (रजि.) यांचे पती घरापासून दूर मारले गेले. मागे मालकीचं घर नव्हतं, खर्चाला पैसे नव्हते. त्यांनी माहेरी जाण्याची परवानगी मागितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी होकार दिला, मग परत बोलावून इद्दत पूर्ण होईपर्यंत त्याच घरात राहायला सांगितलं. चार महिने दहा दिवस त्या बाईचं छप्पर हलू नये, ही जबाबदारी आपलीही आहे. त्या दिवसांत तिच्यासमोर चाव्या, भाडं आणि हिश्श्याची चर्चा करू नये.

मग येते पहिली ईद. आपल्याकडे काही घरांत वर्षभर सण करत नाहीत, मुलांनाही नवे कपडे घालत नाहीत. शोकाची मुदत बायकोसाठी चार महिने दहा दिवस आणि बाकीच्यांसाठी तीनच दिवस सांगितली आहे. त्या लेकराची ईद कुणी रोखलेली नाही. जाफर (रजि.) यांच्या शहादतीनंतर त्यांच्या घरच्यांसाठी जेवण शिजवायला प्रेषितांनी सांगितलं होतं. तसं शिरखुर्म्याचं एक पातेलं त्या घरी न्यावं, मुलांना आपल्या मुलांबरोबर नमाजला घेऊन जावं, त्यांच्या हातात ईदी ठेवावी.

आणि ज्या घरात अल्लाहच्या कृपेने सगळे सुखरूप आहेत, त्यांनी बासी ईदचा दिवस हाताशी धरावा. गावाहून आई-वडील आलेले असतात, भाऊ-बहीण जवळ असतात, कुणाला लोकल गाठायची घाई नसते. जेवणं झाली की कपाटातली फाइल काढावी. करारावर नावं कुणाची, कर्जात कुणाची, दागिने कुणाचे मोडले, अब्बांनी दिले ते पैसे भेट की उसने, मेहेर किती बाकी, सगळं एका कागदावर उतरवावं आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. जे नोंदवायला लागतं ते पुढच्या आठवड्यात वकिलाकडे न्यावं. वारशाच्या हिश्श्यांसाठी जाणत्या मुफ्तींना विचारावं.

नवं घर घेणाऱ्या प्रत्येक जोडप्याला अल्लाह त्या घरात दीर्घ आयुष्य आणि बरकत देवो. आमीन.