दोन मार्कांच्या ताराबाई

माझी ताई डी.एड. करत होती तेव्हा तिच्या गाईडमध्ये एक टीप होती : ताराबाई मोडक. मार्क दोन. त्यात तीन शब्द अधोरेखित होते, मॉन्टेसरी, अंगणवाडी आणि पद्मभूषण. ताईने पाठ केलं, मार्क मिळवले, विषय संपला. मीही त्यांना तेवढंच ओळखत होतो.

त्या पुन्हा आठवल्या त्या गेल्या हिवाळ्यात, नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर. इंटर्नशिपमध्ये मला मिरचीच्या भावावर बातमी करायला पाठवलं होतं. पथारी बघितली नसेल तर एकदा बघाच. मोकळ्या मैदानावर नजर पोचेल तिथपर्यंत लाल मिरची वाळत घातलेली असते आणि तिच्या कडेने बायका ओळीने बसून देठ खुडत असतात. फोटो काय भारी येतात! इन्स्टावर टाकले की लाइक्स पडतात. पण पाच मिनिटांत मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. रुमाल तोंडाला धरून बाजूला झालो, तर तिथेच साडीच्या झोळीत एक बाळ झोपलेलं. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी झोळीची दोरी ओढत बसली होती. वार मंगळवार, वेळ सकाळी अकरा. म्हणजे शाळेची.

मी तिच्या आईला शहाण्यासारखं विचारलं, मुलीला शाळेत का नाही पाठवलं, मावशी? हात न थांबवता त्या म्हणाल्या, ‘‘पोऱ्याले कोठे ठेऊ मंग?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आपल्याच राज्यात, पार डहाणूकडे, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी शोधून झालंय. ते शोधणाऱ्या बाई म्हणजे त्याच, दोन मार्कांच्या.

ताराबाईंचा जन्म 1892चा. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, आणि त्याही 1914च्या, म्हणजे बायका कॉलेजात जाणं हीच बातमी असायची त्या काळात. राजकोटला महिला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मुलगी, हातात चांगली नोकरी. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. मॉन्टेसरी पद्धत तिथे गुजराती मातीत रुजवली जात होती. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. इथपर्यंतचं काम मोठंच आहे, पण मला खरी स्टोरी वाटते ती त्यानंतरची.

1945 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. अनुताईंचं लहानपणीच लग्न झालं आणि लगेच वैधव्य आलं, तरी त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. बालवाडी सुरू झाली, पण वस्तीतली गरीब घरची पोरं येईनात. अशा वेळी आपली सिस्टिम काय करते? ‘पालकांमध्ये जागृती नाही’ असा अहवाल लिहिते. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वस्तीवर नेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी, गोष्टी, खेळ, सगळं त्यांच्याच अंगणात. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. आपण रोज वापरतो तो शब्द असा आला.

1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं तिथे कुठून आणणार? मग बिया, पानं, शिंपले, खडे हीच साधनं झाली. गुरं चारणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळा कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. आणि मोठ्या मुली धाकट्या भावंडांमुळे घरी अडकतात हे लक्षात आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ही विकासवाडी. ताईने भावाला पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायचं. म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं सरळ उत्तर.

संशोधन म्हटलं की आपल्याला लॅब आठवते. पण मूल का येत नाही हे बघायचं, व्यवस्था बदलायची, पुन्हा बघायचं, यालाही संशोधनच म्हणायला हवं. ताराबाई 1973 मध्ये गेल्या. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत.

माझं म्हणणं असं की आपण अंगणवाडी घेतली आणि पाळणाघर कोसबाडलाच विसरून आलो. अंगणवाडी भरते काही तास. आहार, वजन, लसीकरण, थोडं शिकवणं. ते गरजेचंच आहे, नंदुरबारसारख्या कुपोषणासाठी गाजलेल्या जिल्ह्यात तर फारच. पण आईचं काम सकाळी सुरू होतं ते दिवस मावळेपर्यंत. मधल्या तासांत बाळ कोणाकडे? एक तर मिरचीच्या धुरळ्यात, नाही तर बहिणीच्या कडेवर. 2011च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी. याची कारणं पुष्कळ आहेत, पण ती झोळीची दोरी त्यातलं एक आहे हे मला कोणी आकडे देऊन पटवायची गरज नाही.

आणि दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर निघतात तेव्हा तर अंगणवाडी गावातच राहते. मूल गुजरातमधल्या फडात.

कायदे नाहीत असंही नाही. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. 2005च्या रोजगार हमी कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली की एका बाईला ती सांभाळायला नेमावं आणि तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद केली होती. छान आहे. पण पथारीवरच्या मावशी कोणाच्या कर्मचारी? हजेरीपट कुठे आहे?

‘अंगणवाडी ताईंनीच दिवसभर मुलं सांभाळावीत’ हे उत्तर मात्र मला मान्य नाही. आपण त्यांना पगारही देत नाही, मानधन देतो. त्यांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे सांगायला 2022 साल उजाडलं आणि तेही सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. वेळ वाढवायची तर दुसरी बाई नेमा आणि नीट पगार द्या. पथारीच्या मोसमात, ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, मैदानापासून लांब एक शेड, पाणी, पाळणे आणि स्थानिक बोली बोलणाऱ्या दोन-तीन बायका. मिरचीच्या बाजारात जी उलाढाल होते त्यापुढे हा खर्च किती? व्यापारी, नगरपालिका आणि महिला-बालविकास विभाग एका टेबलावर बसले तर येत्या मोसमातही जमेल.

आणि आपण? एमएसडब्ल्यू, बी.एड., होम सायन्स, मास कॉम करणाऱ्यांना प्रोजेक्ट हवाच असतो. आपल्या गावात कामाच्या ठिकाणी किती बाळं असतात, एवढं तरी मोजू. तो आकडा मला कुठल्याच ऑफिसात मिळाला नाही.

मिरचीच्या भावाची बातमी मी वेळेत दिली. ती छापून आली, सोबत लाल मैदानाचा फोटोही. फोटो निवडताना झोळी कोपऱ्यात येत होती, म्हणून मीच ती क्रॉप केली होती.