चष्मा उतरवण्यापूर्वी

घरात लग्नाची बोलणी सुरू झाली किंवा नोकरीची मुलाखत तोंडावर आली, की चष्म्याचा विषय निघतोच. ‘लेसर करून टाकू, दहा-पंधरा मिनिटांचे तर काम,’ असे सहज म्हटले जाते. वेळेचा हा हिशेब फारसा चुकीचा नाही. मात्र या शस्त्रक्रियेचा खरा निर्णय त्याआधीच्या तपासणीत होतो आणि तेथे घाई उपयोगाची नाही.

डोळ्याच्या अग्रभागी असलेल्या पारदर्शक पडद्याला पारपटल, म्हणजेच कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. लेसरने त्यातील अत्यंत सूक्ष्म थर काढून त्याची वक्रता बदलली जाते. नंबर जितका मोठा, तितका थर अधिक काढावा लागतो आणि काढलेला थर पुन्हा भरून येत नाही. पारपटल मुळातच पातळ असेल, किंवा ते शंकूसारखे पुढे येण्याचा केराटोकोनस हा विकार असेल, तर लेसरनंतर ते अधिक दुर्बल होऊन दृष्टी कायमची बिघडू शकते. या विकाराची सुरुवात रुग्णाला जाणवतेच असे नाही. पारपटलाच्या नकाशात ती दिसते. म्हणून जाडी, नकाशा, अश्रूंचे प्रमाण आणि दृष्टिपटल या चारही गोष्टी तपासल्याखेरीज होकार देऊ नये. कॉन्टॅक्ट लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो. त्यामुळे डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी ती बंद ठेवावी.

वय किमान 18 वर्षे पूर्ण असावे आणि नंबर निदान वर्षभर स्थिर असावा. गर्भारपणात व स्तनपानाच्या काळात ही शस्त्रक्रिया पुढे ढकलावी.

लॅसिकमध्ये पारपटलाची पातळ झडप उचलून आत लेसर दिला जातो. बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच स्पष्ट दिसू लागते. पीआरकेमध्ये झडप नसते, वरची नाजूक त्वचा काढली जाते. तीन-चार दिवस डोळे दुखतात आणि दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. स्माइलमध्ये बारीक छेदातून आतील चकती काढतात. शस्त्रक्रियेनंतर डोळे कोरडे पडणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे हे त्रास बहुधा काही महिन्यांत कमी होतात. क्वचित टिकूनही राहतात. रात्री वाहन चालवणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा. डोळे चोळण्याची सवय तर सर्वांनीच सोडावी.

लेसरने काय होत नाही, हेही जाणून घ्यावे. चाळिशी टळत नाही; वाचनासाठी पुढे चष्मा लागू शकतो. मोठा उणे नंबर असलेल्यांचे दृष्टिपटल फाटण्याचा वा सुटण्याचा धोका चष्मा गेल्यावरही कायम राहतो. म्हणून नियमित तपासणी चालू ठेवावी. शस्त्रक्रियेपूर्वीची मापे असलेले कागद जपून ठेवावेत; उतारवयात मोतीबिंदूच्या वेळी कृत्रिम भिंगाचा नंबर ठरवताना ते उपयोगी पडतात.

तपासणीअंती डॉक्टरांनी ‘तुमच्यासाठी लेसर योग्य नाही’ असे सांगितले, तर निराश होऊन ‘होकार’ देणारे दुसरे रुग्णालय शोधू नये. नकाराचे कारण विचारावे, अहवाल मागून घ्यावा. काहींना डोळ्यात बसवण्याच्या भिंगाचा पर्याय असतो. उरलेल्यांसाठी चष्मा आहेच आणि त्याने दृष्टी सुरक्षित राहते.